न पोचलेली चार कोटेशनं

माझ्यामुळे एका बाईची नोकरी गेली. तिची काही चूक नव्हती हे मला दोन-अडीच महिन्यांनी कळलं, आणि कळल्यावरही दोन आठवडे मी गप्प बसले. हे आधीच लिहून टाकते. पुढे कुठे मी स्वतःची बाजू सावरायला लागले, तर वाचणाऱ्याला ते ओळखता यावं.

मी चिंचवडला राहते, स्टेशनच्या अलीकडच्या सोसायटीत. तळवड्यात एका पावडर कोटिंगच्या युनिटवर माझी एक खोली आहे. खोलीत दोन मशीन, एक एसी, बॅटऱ्यांची रांग आणि एक खुर्ची. दुसरी खुर्ची मी मुद्दाम ठेवलेली नाही, कुणी येऊन बसू नये म्हणून. या दोन मशीनवरून मी बारक्या वर्कशॉपवाल्यांची मेल चालवते. आधी मी तिथल्याच आयटी पार्कमधल्या एका कंपनीत होते. चहाच्या टपरीवर वर्कशॉपचे मालक भेटायचे, कार्ड द्यायचे, आणि त्या कार्डावर फुकटातला मेलचा पत्ता असायचा, तोही आकडे लावलेला. मला ते बघवायचं नाही. पंचवीस वर्षं लेथ चालवणारा माणूस, आणि पत्ता असा, जसा कुणा पोराने सुट्टीत उघडलेला. मी म्हणायचे, तुमच्या वर्कशॉपच्या नावाचा पत्ता करून देते, सर्व्हर माझा, अडचण आली तर फोन करा, मी उचलते. लोकांना ते पटलं. नोकरी सोडली तेव्हा माझ्याकडे पन्नासच्या वर गिऱ्हाइकं होती.

आणखी एक गोष्ट मी प्रत्येकाला सांगायचे. त्या मोठ्या कंपन्या तुम्हाला फुकट खातं का देतात, याचा विचार केलाय का? तुमचं सगळं वाचायला मिळतं म्हणून. हे सांगताना मी आवाज जरा खाली आणायचे.

संशय माझ्या रक्तातच आहे. भाजीवाल्याने काटा धरला की माझी नजर भाजीवर नसते, काट्याच्या खाली असते. नवरा म्हणतो, ही देवळातसुद्धा एक चप्पल डाव्या दाराला काढते आणि एक उजव्या. खरं आहे ते. माझी चप्पल आजवर चोरीला गेलेली नाही.

तर सुरुवातीला हा धंदा माणसांचा होता. चाकणच्या प्रत्येक मोठ्या कारखान्यात एक कॉम्प्युटर रूम असायची आणि तिथे एक माणूस असायचा. माझ्या गिऱ्हाइकाचं पत्र अडलं तर मी त्याला फोन करायचे. "भाऊ, माझं एक पत्र तुमच्या दारात अडकलंय, बघता का जरा?" तो म्हणायचा, "थांबा मॅडम," आणि पाच मिनिटांत मोकळं करायचा. त्यातल्या कित्येकांना मी कधी पाहिलंही नाही, पण आवाज ओळखायचे. मग एकेक कारखान्याने आपला सर्व्हर बंद केला. सगळ्यांची मेल गेली त्याच दोन-तीन कंपन्यांकडे, ज्यांची ऑफिसं कुठे आहेत ते त्यांनाच ठाऊक. कॉम्प्युटर रूमच्या जागी कुठे स्टोअर आलं, कुठे मीटिंग रूम. फोन उचलणारा माणूस गेला, आणि त्याच्या जागी इंटरनेटवरचा एक फॉर्म आला. फॉर्म भरला की मिनिटात उत्तर येतं, अत्यंत नम्र, खाली कुणाचं नाव नाही.

माझी गिऱ्हाइकंही तिकडेच सरकायला लागली. तिथे मेलबरोबर व्हिडिओ मीटिंग मिळते, फायली ठेवायला जागा मिळते, आणि मुख्य म्हणजे पत्र हमखास पोचतं. का नाही पोचणार? पाठवणारा त्यांचाच आणि घेणाराही त्यांचाच. माझ्याकडे उरले एकोणीस. प्रत्येक जाणाऱ्याकडे मी संशयाने बघायचे, ह्याला कुणी फोडलं म्हणून.

उरलेल्यांत सगळ्यात जुने चाचा. त्यांचं घराणं तळवड्याचंच, गावठाणातलं, वडील लोहारकाम करायचे. चाचा गेज बनवतात. गेज म्हणजे माप तपासायचं हत्यार. भागाला पाडलेलं भोक बरोबर आहे का, हे बघायला त्याची एक बाजू आत गेली पाहिजे आणि दुसरी जाता कामा नये. उलटं झालं की माल बाद. चाकणच्या एका कारखान्याला चाचा कित्येक वर्षं गेज देत होते. कारखान्याकडून मेलवर इन्क्वायरी यायची, चाचा कोटेशन पाठवायचे, दोन-तीन दिवसांत ऑर्डर यायची.

आणि त्यांची एक रीत होती, आमच्या भागातल्या जुन्या टूलरूमवाल्यांत, म्हणजे अशी हत्यारं बनवणाऱ्यांत, ती अजून सापडते. कोटेशन पाठवलं की फोन करायचा नाही. "मिळालं का?" एवढंही विचारायचं नाही. मी एकदा म्हटलं, चाचा, विचारायला काय जातं? ते म्हणाले, "ताई, विचारलं की समोरचा वळखतो, ह्याच्याकडं काम न्हाई. मग भाव पाडतो. आपली इज्जत आपण हातानं कशाला खाली ठेवायची? त्याला गरज आसंल तर त्यो बोलंल."

चाचांच्या ऑफिसचं सगळं काम एक बाई बघायची. ती कुरुळीची, तिशीतली, बी.कॉम. सासर चिखलीत होतं. कोटेशन टाइप करणं, तपासणीचे रिपोर्ट बनवणं, चलन, गेटपास, सगळं तीच. वर्कशॉपची एक चावी तिच्याकडे असायची. सकाळी ती आधी येऊन शटर उघडायची आणि चाचा मागून यायचे. गुरुवारी आमच्याकडे सुट्टी, मशीन बंद. त्या दिवशी चाचा दुपारपर्यंत कागदपत्रांचं काम उरकायचे आणि मीही त्यांच्या कॉम्प्युटरची देखभाल करायला जायचे. मग आम्ही दोघी ऑफिसात बसून जेवायचो. माझा डबा कधी धड नसतो. ती भाकरीचा अर्धा तुकडा मोडून माझ्या झाकणात ठेवायची, वर वांग्याचं भरीत. फारसं बोलायची नाही. मला न बोलणाऱ्या माणसांचाही संशय येतो, पण तिचा कधी आला नव्हता.

त्या वर्षी उन्हाळ्यात कारखान्याकडून एक इन्क्वायरी आली. कोटेशन गेलं. ऑर्डर आली नाही. पावसाळ्यात दुसरी आली. कोटेशन गेलं, ऑर्डर नाही. गणपतीच्या आसपास तिसरी. चाचांनी भाव अगदी कमी लावला होता. तरी नाही.

चाचा माझ्या खोलीवर आले. बसायला एकच खुर्ची, ती मी त्यांना दिली आणि मी उभी राहिले. ते म्हणाले, "ताई, कुठंतरी पाणी मुरतंय. आपली पत्रं जात्यात ना नीट?"

हा प्रश्न मला झोंबला. मी माझ्या मशीनची नोंदवही उघडली. प्रत्येक पत्राची वेळ त्यात असते, आणि समोरच्या मशीनने दिलेलं उत्तरही असतं. तिन्ही कोटेशनांपुढे एकच उत्तर होतं, स्वीकारलं. मी स्क्रीनवर बोट ठेवून दाखवलं. "बघा चाचा, त्यांच्या दारात पोचलं. त्यांनी घेतलं. माझ्याकडून काही नाही."

आता इथे मला खरं सांगितलं पाहिजे. स्वीकारलं म्हणजे समोरच्या माणसाने वाचलं, असं नसतं. पत्र आत घेऊन मशीन ते कुठे टाकतं, हे माझ्या वहीत कधीच येत नाही. हे मला माहीत होतं. पत्रं समोरच्याला दिसत नाहीत, अशी तक्रार दुसऱ्या दोन-तीन गिऱ्हाइकांनी त्याच वर्षी केली होती, आणि मी त्यांना "समोरच्याला स्पॅमचा फोल्डर बघायला सांगा" म्हणून वाटेला लावलं होतं. चाचांना मी ते सांगितलं नाही. माझ्याकडे राहिलेल्यांत ते सगळ्यात जुने होते, आणि त्यांच्यासमोर मला माझ्या सर्व्हरमध्ये खोट काढायची नव्हती.

चाचा म्हणाले, "पोचतंय म्हंजे भाव फुटतोय. कुणीतरी आपला आकडा बघून खाली लावतंय."

आणि मी म्हणाले, "टाइप कोण करतं?"

हे वाक्य माझं आहे, त्यांचं नाही. ते एकदम म्हणाले, "ती? न्हाई ताई. तिच्याकडं चावी आस्ती." मी म्हटलं, "म्हणूनच म्हणते. मी बघते."

मला तिचा पासवर्ड लागत नाही. सर्व्हर माझा, त्यावरची प्रत्येकाची मेलची पेटी मला उघडता येते. इतक्या वर्षांत मी कधी उघडली नव्हती, हेही खरं. त्या दुपारी उघडली. चहा शेजारी घेऊन, आरामात.

ती चाकणमधल्या एका दुसऱ्या टूलरूमला लिहीत होती. स्वतःचा बायोडाटा पाठवला होता, कुरुळीपासून जवळचं काम हवं म्हणून. सोबत नमुना म्हणून तिने बनवलेला तपासणीचा एक रिपोर्ट, चाचांच्या गेजचा. कारखान्याच्या पार्टचा नंबर त्यावर तसाच होता. मला एवढं पुरलं. माझ्या मनात सगळा हिशेब जुळला. ही तिकडे जाणार, जाताना आपले कागद घेऊन जाणार, भाव तर कधीच पोचवले असणार.

मी तिथे थांबू शकले असते. थांबले नाही. खाली राजगुरुनगरच्या एका वकिलाची पत्रं होती. तीही वाचली. नवऱ्यापासून वेगळं होण्याबद्दल होती. काय काय होतं त्यांत ते मी इथे लिहिणार नाही, एकदा वाचलं तेवढं पुरे. एका पत्रात तिने वकिलाला लिहिलं होतं, फोनवर काही पाठवू नका, फोन घरी रोज तपासतात, फक्त ऑफिसच्या ह्या पत्त्यावर पाठवा. हे वाचून तरी पेटी बंद करायची की नाही? मी शेवटच्या पत्रापर्यंत गेले. आणि मनात काय आलं, तर हिला पैशांची गरज असणार. म्हणजे कारणही सापडलं.

बायोडाटा आणि रिपोर्ट अशी दोन पानं मी छापली आणि चाचांना नेऊन दिली. वकिलाचं काही बोलले नाही. त्याचा मला त्या वेळी अभिमानही वाटला, की बघा, मी किती सांभाळून घेतलं.

पुढचं मी पाहिलं नाही, चाचांनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ती पानं तिच्यासमोर ठेवली. तिने दोन्ही पानं पाहिली आणि एकच विचारलं, "हे कुठनं आलं?" चाचा म्हणाले, ताईंनी दिलं. तिने चावी टेबलावर ठेवली, डब्याची पिशवी घेतली आणि निघून गेली.

"रडली का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग बघा," मी म्हणाले. "निर्दोष माणूस रडतो तरी, नाहीतर भांडतो."

पुढच्या आठवड्यात दसरा आला. दरवर्षी मशीनला घालायला झेंडूच्या माळा ती करायची, कामगारांना पूजा हवी असायची आणि चाचा त्यासाठी आदल्या दिवशी स्वतः मशीन पुसून द्यायचे. त्या वर्षी माळा बाजारातून आणल्या. त्या लेथला आखूड पडल्या.

दिवाळी झाल्यावर कारखान्याची चौथी इन्क्वायरी आली. या वेळी चाचांनी कुणालाही हात लावू दिला नाही. दोन बोटांनी, दुपारभर बसून, स्वतः कोटेशन टाइप केलं आणि पाठवलं. आकडा त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हता. तरीही ऑर्डर आली नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी काय म्हटलं? म्हटलं, जाताना ती जुने भाव घेऊन गेली असणार, त्यावरून समोरचा अंदाज बांधत असेल. आज हे लिहिताना मला माझीच लाज वाटते. त्या वेळी अगदी तर्कशुद्ध वाटलं होतं.

मग एका सकाळी चाचांचा फोन आला. कारखान्याचे जुने गेज दुरुस्तीला आले होते, ते परत द्यायला चाचा स्वतः टेम्पोतून गेले होते. गेटवर क्वालिटीतला एक जुना ओळखीचा माणूस भेटला आणि म्हणाला, "काय चाचा, काम बंद केलं का राव? परचेसवाले म्हणतात, चार मेल केल्या, एकाचं उत्तर नाही. लय मोठे झाले म्हणे तुम्ही."

चाचा मला फोनवर म्हणाले, "ताई, जरा येता का? मला समजंना हे."

मी स्कूटरवरून तळवडे-चाकण रस्त्याने कारखान्यावर गेले. कंटेनरच्या मागे अडकत अडकत जायला पाऊण तास लागला, आणि त्या पाऊण तासात माझा परचेसवाल्यावर, म्हणजे खरेदी बघणाऱ्यावर, संशय घेऊन झाला होता. कमिशन खात असणार, आणि आता वर पत्र मिळालं नाही म्हणतोय.

परचेसमध्ये एक तरुण अधिकारी होता. आमचं ऐकून घेतलं, खुर्च्या दिल्या. मी म्हटलं, तुमचा स्पॅमचा फोल्डर उघडा. तो म्हणाला, "मॅडम, तो मी कधी बघतच नाही." उघडला. लॉटऱ्या, कर्जं आणि परदेशी औषधांच्या जाहिरातींच्या मधे चाचांचं चौथं कोटेशन पडलं होतं. आधीची तीन नव्हती. तिथे महिनाभरच ठेवतात, मग आपोआप पुसतात. कारखान्याची मेल त्या वर्षीच्या मार्चमध्ये एका मोठ्या कंपनीकडे गेली होती. चाचांची पत्रं तेव्हापासून त्या फोल्डरमध्ये जात होती.

कोटेशनच्या वर पिवळी पट्टी होती, इंग्रजीत. चाचांनी विचारलं, "काय लिव्हलंय?"

मी वाचून मराठीत सांगितलं. या पत्रापासून सावध राहा. पाठवणारा भरवशाचा वाटत नाही.

चाचा त्या पट्टीकडे बघत राहिले. "आपन चोर व्हय?"

"तुम्ही नाही," मी म्हणाले. "माझं मशीन."

अधिकाऱ्याने जरा नवलाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, अजून स्वतःचा सर्व्हर कोण ठेवतं?" त्याने कुत्सितपणे नाही विचारलं. खरंच विचारलं. मग म्हणाला, आणखी एकदा उत्तर आलं नसतं तर सिस्टिमने चाचांचं नाव यादीतून काढलं असतं. त्याने ते कोटेशन तिथेच छापून घेतलं. चाचांचं काम परत सुरू होणार हे स्पष्ट झालं, आणि मला हायसं वाटलं.

बाहेर पार्किंगमध्ये चाचा टेम्पोपाशी थांबले. किल्ली हातात होती, पण दार उघडत नव्हते.

"मग ती पोरगी?" ते म्हणाले.

मी म्हटलं, बघू. बघू म्हणजे काय, ते मलाही माहीत नव्हतं.

पुढचे दोन आठवडे मी त्या मोठ्या कंपनीशी भांडले. भांडले म्हणजे फॉर्म भरले. माझं मशीन स्वच्छ आहे, माझ्याकडून कधी कुणाला जाहिरातीचं पत्र गेलेलं नाही, मग कोणत्या कारणाने? उत्तर आलं, आम्ही तपासलं आहे, कारण सांगता येत नाही. परत भरला. तेच उत्तर. इंटरनेटवर माझ्या मशीनला जो नंबर आहे, त्याच्या शेजारच्या नंबरावरून कुणीतरी कचरा पाठवत असेल आणि त्यात माझंही नाव खराब झालं असेल, हा माझा अंदाज. खरं काय ते आजही माहीत नाही. मी घरात आरडाओरडा केला. न विचारता, न ऐकून घेता, मला चोर ठरवतात म्हणजे काय? माझ्याविरुद्ध काय पुरावा आहे, ते तरी दाखवा. नवरा शांतपणे टोमॅटो चिरत होता. म्हणाला, "त्या बाईला तू काय दाखवलं होतंस?"

मी त्याच्यावर ओरडले. मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले. गुरुवारी सकाळी चाचांना फोन केला, कुरुळीला जाऊ म्हटलं.

ती आता माहेरी राहत होती. पुढे घर आणि मागे कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या, दोरीवर वेगवेगळ्या कंपन्यांचे गणवेश वाळत घातलेले. ती एका कंपनीत पॅकिंगला लागली होती, दुसरी शिफ्ट, म्हणून सकाळी घरी होती. आम्हाला पाहून तिचा चेहरा बदलला नाही. बसायला सतरंजी टाकली आणि चहा ठेवला.

चाचांनी वेळ घालवला नाही. हात जोडले. "चुकलं माझं. तुला इचारायला पायजे हुतं, न्हाई इचारलं. परत ये."

"चाचा, हात नका जोडू," ती म्हणाली, आणि माझ्याकडे वळली. "झालं काय हुतं?"

मी सांगायला लागले. मार्चमध्ये काय बदललं, पत्र कसं आत गेलं, फोल्डर, पट्टी, महिनाभराने पुसणं. गरजेपेक्षा फार जास्त सांगितलं. यंत्राबद्दल बोलत होते तोवर मला सुरक्षित वाटत होतं. तिने मधे एकदाही अडवलं नाही. चहा गाळून कप पुढे सरकवले.

"म्हंजे मशीनला वाटलं, पत्र खोटं हाय."

"हो."

"आन् तुमाला वाटलं, मी."

"हो."

तिने कपातला चहा थोडा पिऊन घेतला. "त्या रिपोर्टवरचा नंबर झाकायला पायजे हुता, ती माझी चूक. चाचांना आधी सांगणार हुते, पर घरचं सगळं निस्तरल्याबगर कुणाला काय सांगायचं?" मग चाचांना म्हणाली, "मी येते. उभं राहून पाय सुजत्यात माझे तिथं. पर एक हाय. ताईंच्याकडचं मेलचं खातं बंद करा. त्या मोठ्या कंपनीचं घ्या."

आणि मी, इतकं सगळं झाल्यावरही, सवयीने म्हणाले, "अगं, ते लोक सगळं वाचतात. तुझं काही खाजगी राहायचं नाही तिथे."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रागाने पाहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

"वाचू द्यात की. त्यांना मी कोण ते म्हाईत न्हाई. तुमी माझ्या डब्यातलं खात हुता, ताई."

मी कप सतरंजीवर ठेवला.

"वकिलाचं बी वाचलं न्हवं?"

चाचांना वकिलाचं काही माहीत नव्हतं. त्यांनी कप उचलला आणि रिकाम्या कपात बघत बसले. मी हो म्हणाले. नवऱ्यालाही मी ते सांगितलेलं नव्हतं.

"मला ऑफिसचा पत्ता मिळाला तवा लय बरं वाटलं हुतं," ती म्हणाली. "घरात माझ्या नावाचं कपाट सुदिक नव्हतं." एवढंच. मग आतून पोहे आणू का म्हणून तिने चाचांना विचारलं. मला विचारलं नाही.

पुढच्याच आठवड्यात मी चाचांचं खातं हलवलं. ज्या कंपनीला मी इतकी वर्षं नावं ठेवली, तिच्या पानावर बसून मीच चाचांचं नाव भरलं, मीच अटी मान्य केल्या. न वाचता, सगळे करतात तसंच. आता माझ्याकडे अठरा उरले. पण ते गेल्याचं मला त्या दिवशी काही वाटलं नाही. चाचांची जुनी पत्रं नव्या खात्यात गेली. राहिली तिची पेटी. ती न विचारता हलवणं किंवा पुसणं, दोन्ही मला जमेना. मी तिला फोन केला. ती कामावर रुजू झाली होती, मागे ग्राइंडरचा आवाज येत होता.

"तुझी जुनी पत्रं नव्या खात्यात आणू का?"

"नको. वकिलाचं काम झालं. पुसून टाका." मला वाटलं तिने फोन ठेवला. पण ठेवला नव्हता. "आन् ताई, पुसताना वाचू नका."

यादी समोर उघडल्याशिवाय पुसता येत नाही. मी सगळी पत्रं निवडली, मान भिंतीकडे फिरवली आणि बटण दाबलं. मान फिरवली होती हे तिला सांगावंसं फार वाटलं. फोन हातातच होता. पण मी सांगितलं म्हणून तिने ते खरं का मानावं?